प्लायवूडवरचं कळस स्टेशन

माझ्या मेव्हण्याला बहिणीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, नाव सातबाऱ्यावरून काढायची एकाएकी घाई झाली ती रेल्वेमुळं, आणि ती रेल्वे प्लायवूडची होती. ही गोष्ट आमच्या घरातल्या बहुतेक बारशा-जावळांत माझी सांगून झाली आहे. ऐकणारे हसतात. हसण्यासारखंच आहे, मलाही कळतं. पण सांगता सांगता माझा आवाज चढतो आणि बायको लांबून हातानं 'हळू' अशी खूण करते. म्हणून आता लिहून काढतो. कागदावर आवाज चढला तरी शेजारी खिडकीत येत नाहीत.

बारामतीत माझं मोटारी भरायचं दुकान आहे; मागं घर, वर माडी. शेतकरी विहिरीतली, बोअरमधली जळालेली मोटार आणून टाकतात; मी आतली जुनी तार उपसतो आणि नवी भरतो. वर्षानुवर्षं तांब्याच्या तारेत बोटं घातली की माणसाला दोन गोष्टी होतात. पाठ वाकते, आणि बारीक कामाची चटक लागते. पाठीसाठी डॉक्टर आहे. चटकेसाठी मी आगगाडी धरली.

आधी नुसते फोटो. दौंडकडून येणारी गाडी बारामतीला येते, थांबते आणि आल्या वाटेनं परत जाते, कारण पुढं रूळच नाहीत. रविवारी सकाळी गावाबाहेर उसाच्या कडेला तिकाटणं मांडून, त्यावर कॅमेरा बसवून, वळणावर गाडी येण्याची वाट बघत उभं राहायचं, एवढाच माझा नाद. पण आमच्याकडं एखाद्यानं बैलगाडा शर्यतीसाठी चार तालुके पालथे घातले तर तो शौकीन ठरतो. हॉटेलच्या बाकड्यावर दुपारपर्यंत बसून कोण कुणाच्या गटात गेला याचा खल केला तर तो जाणकार. आणि मी आठवड्यातून तासभर रुळाशेजारी उभा राहिलो तर मी वाया गेलेला. हा कुठला न्याय, हे मला पन्नाशी उलटली तरी कुणी सांगितलेलं नाही.

त्यात ते तिकाटणं. आमच्या भागात तीन पायांची वस्तू घेऊन शेताच्या कडेला उभा राहणारा माणूस एकच काम करतो, मोजणी. रस्ता झाला, कॅनॉल झाला, पाइपलाइन झाली, प्रत्येक वेळी आधी असाच एकजण येऊन काही न बोलता उभा राहिला होता. त्यामुळं मी कॅमेरा लावला की मागून हमखास कुणीतरी यायचं.

"सायेब, आमची किती जाती?"

"काय किती जाते?"

"जमीन वो."

"मालक, मी फोटो काढतोय."

"व्हय, व्हय. आधी सगळी तसंच म्हनत्यात."

एकदा तर एका म्हाताऱ्या बाईनं मला चहा आणून दिला आणि घर तेवढं वाचवा म्हणाली. चहा मी प्यालो. तिच्या घराला कसलाही धोका नव्हता, हे तिला पटवता पटवता माझी गाडी मात्र निघून गेली.

फोटो काढून काढून मनात आलं, बारामतीच्या पुढं रूळ नाहीत तर आपण टाकावेत. सरकारनं नाही तर नाही, आपल्या माडीवर टाकावेत. म्हणून वरच्या खोलीत प्लायवूडच्या फळ्या जोडल्या आणि बारामतीहून इंदापूरकडं लाइन काढली: पिंपळी, भवानीनगर, कळस, इंदापूर. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. माणूस बोटाच्या पेराएवढा, ऊस झाडूच्या काड्यांचा, आणि भवानीनगरला कारखान्याचं धुराडं, ते जुन्या छत्रीच्या दांड्याचं. पहिलं इंजिन मी असं बनवलं की ते फक्त मागंच जायचं. मोटारी भरण्यात हयात गेलेल्या माणसानं तारा उलट्या जोडल्या होत्या. ते दुकानातल्या पोरांना कळू नये म्हणून मी महिनाभर माडीला कुलूप लावत होतो.

बायकोनं सुरुवातीला नाक मुरडलं. मग एक दिवस पोछा मारता मारता म्हणाली, "गाडी माझ्या माहेरावरनं न्या."

तिचं माहेर कळस. सासरे एके काळी मेंढरं राखायचे, नंतर शेतीला लागले. त्यांचा गावाबाहेर एक माळ आहे, नुसता मुरूम आणि कुसळं. विहीर नाही, पाणी नाही. पण मेंढरांचा तळ तिथंच पडायचा आणि लहानपणी कोकरांमागं ही तिथंच हिंडायची. म्हणून मी तिकाटणं आणि टेप घेऊन कळसला गेलो, माळाचे चारी बाजूंनी फोटो काढले, टेकाडाचा उतार मोजला, आणि घरी येऊन माळावर कळस स्टेशन उभं केलं. पिवळी पाटी, त्यावर काळी अक्षरं. बायकोनं स्वतः लोकरीचे गोळे वळून मेंढरं केली आणि फलाटामागं सोडली. ती मेंढरं मापात जरा मोठी झाली, गाईएवढी दिसतात. पण मी तोंड उघडलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर प्रमाणबद्धतेपेक्षा मोठ्या गोष्टी असतात.

आता जमिनीचं सांगतो, कारण पुढचा सगळा राग तिथला आहे. सासूबाई आधीच गेल्या होत्या. सासरे गेल्यावर कायद्यानं वारस म्हणून दोन नावं लागली, मेव्हण्याचं आणि माझ्या बायकोचं. आमच्याकडची रीत अशी की बहिणीनं नंतर हक्कसोड करून द्यायची, म्हणजे माझं काही नको म्हणून नोंदणी कचेरीत सही करायची. बदल्यात काय मिळतं, तर माहेर मिळतं. दिवाळीला बोलावणं, लेकीच्या लग्नात मामाचा मान, आणि रडायला एक जागा. वर्षश्राद्धाच्या जेवणानंतर बायको आपणहून भावाला म्हणाली होती, "कवाबी बोलीव, सही करून देते." मेव्हणा तेव्हा सुपारी कातरत म्हणाला, "बघू सावकाश. त्या माळाला काय करायचंय, आक्का? शेळीचंबी प्वाट भरत न्हाय तितं." तिला ते लागलं होतं. सहीचं नाही, माळाचं.

पुढं ते तसंच राहिलं. आणि मग मी तो फोटो काढला.

त्या सकाळी खिडकीतून ऊन असं तिरपं आलं होतं की स्टेशनच्या पत्र्यावर खरी तिरीप पडली. मागं मी कळसच्या माळाचा खरा फोटो मोठा करून चिकटवला होता. मोबाईल फलाटाच्या पातळीला टेकवला आणि एक फोटो घेतला. इतका चांगला फोटो मला जन्मात आला नव्हता. पाटी, रूळ, मागं टेकाड, सगळं खरं. मेंढरं तेवढी बाहेर ठेवली होती. हौसेनं मी तो बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. फोटोखाली लिहावं लागलं तर तो फोटो कसला, असा माझा तेव्हा बाणा होता.

त्या ग्रुपवर माझ्या गाड्यांच्या फोटोंना कधी कुणी उत्तर दिलेलं नाही. त्या दिवशी फोन थांबेना. अभिनंदन. लई भारी. कधी झालं हे? मी हुरळलो. प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवत राहिलो. दुपारी एकानं विचारलं, "भूमिपूजन कवा हाय?" तेव्हा माझे जोडलेले हात थांबले. घाईनं लिहिलं की बाबांनो, हे मॉडेल आहे. त्यावर बायकोच्या चुलत भाच्याचं उत्तर आलं, "मॉडेल आलं म्हणजे मंजुरी आलीच की."

आता यात माझं काय चुकलं, मला सांगा. फोटो खोटा वाटला असता तर नाद वाया. खरा वाटला तर हे.

चार दिवसांनी दुकानात तात्या आले. तात्या म्हणजे बायकोचे चुलते. माळाला लागून त्यांचं शेत आणि विहीर. सोबत शेवग्याच्या शेंगांची मोठी पेंडी. तात्या फुकट शेंगा देत नाहीत, त्यामुळं मी सावध झालो.

"पाव्हणं, लाइन माळावरनं चाललीया म्हनं."

"तात्या, ती खेळातली गाडी हाय."

"बरं, खेळातली. ती जरा आमच्या बांधाच्या अलीकडनं घेतली तर?"

मी पुन्हा समजावलं. तात्या मान हलवत ऐकत होते, जसं आपण दवाखान्यात कंपाउंडरचं मान हलवून ऐकतो आणि डॉक्टर कधी येणार ते विचारतो. शेवटी म्हटलं, चला वर, डोळ्यांनीच बघा. तात्यांनी खोलीच्या उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या. आत येऊन बराच वेळ हात मागं बांधून बघत राहिले.

"आमची हीर कुठं हाय?"

मी दाखवली. विहीर म्हणजे बाटलीचं झाकण.

"लाइन तर लांबनं गेली. मोबदल्यात बसायची न्हाय आमची हीर. एवढं वळवा की."

"तात्या, एवढं वळण दिलं तर गाडी रुळावरनं उतरंल."

हे बोललो आणि स्वतःची जीभ चावली. खोटी गाडी आहे एवढंच धरून ठेवायचं होतं; पण माझ्या लाइनीवर गाडी उतरेल असं वळण मी देणार नाही, हा कारागिराचा ताठा आडवा आला. तात्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे वळण तुमच्याच हातात हाय."

"तात्या, हा माझा खेळ हाय. मी घरी खेळतो."

"पन्नाशीचा माणूस खेळ खेळतोय व्हय?" तात्या वहाणा घालत म्हणाले. "तुमाला बोलायला बंदी आसंल. आमी काय समजत न्हाय का? पुण्यात बिल्डर लोकबी आसंच टेबलावर मांडून ठेवत्यात आधी. न्हाय बोलायचं तर नका बोलू. शेंगा ऱ्हाऊ द्या."

म्हणजे बघा. तिकाटणं लावून मी माळ मोजून गेलो होतो. मग फोटो आला. आणि आता तात्यांनी रूळच डोळ्यांनी बघितले होते. मी जितका नाही म्हणत होतो तितकं ते पक्कं होत होतं. सरकारी माणूस तर नाहीच म्हणतो.

पुढच्या आठवड्यात भवानीनगरला एक मोटार बसवायला गेलो होतो, तसाच पुढं कळसला गेलो. माळावर आंब्याची रोपं लावलेली. ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवलं नाही तिथं टँकर उभा, आणि रोपांच्या रांगा अगदी माझ्या लाइनीवरून. फोटोत स्टेशन जिथं होतं तिथं नवा पत्र्याचा गोठा, त्यात जनावर एकही नाही. जमीन सरकारात गेली तर झाडाचे वेगळे आणि बांधकामाचे वेगळे पैसे मिळतात, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. रोपं इतकी जवळ लावली होती की आणखी दोन वर्षांनी एकमेकांना कोपर लागलं असतं. सासरे जिवंत असताना त्यांनी एकदा माळावर लिंब लावू म्हटलं होतं, तर हाच मेव्हणा म्हणाला होता, पाणी कुठनं आणायचं. आता टँकर येत होता. माझ्या प्लायवूडच्या रेल्वेसाठी येत होता. मी गाडीतूनही उतरलो नाही. उतरलो असतो तर भांडलो असतो, आणि भांडायला मी फार वाईट आहे. मुद्द्याच्या वेळी मला ठसका लागतो.

आणि मग मेव्हणा आला. भाड्याची जीप, हातात साडीची पिशवी आणि पेढ्यांचा पुडा.

"आक्का, आधार कार्ड घे. इंदापूरला जाऊन येऊ. वकिलानं सगळं तयार ठिवलंय."

"कशाचं?" बायको पीठ मळत होती, हात तसेच.

"हक्कसोडीचं. तूच म्हनली हुतीस की, वर्षश्राद्धाला."

"म्हनले हुते. तवा तू म्हनलास, माळाला काय करायचंय."

"तवाची गोष्ट येगळी."

"आता काय झालंय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "दाजींना सगळं म्हाईत हाय. दाजींनी तुला सांगितलं नसंल तर त्यांचं त्ये बघतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोलायला उठलो. मॉडेल म्हणजे काय, सत्त्याऐंशीवा हिस्सा म्हणजे काय, रेल्वे अशी येत नसते, आणि तुझ्या बहिणीच्या हिश्श्यावरचा मोबदला एकट्यानं घ्यायला तू साडी घेऊन आलास याला काय म्हणतात, असं एक जोरदार भाषण माझ्या मनात तयार होतं. पहिल्या वाक्याला ठसका लागला. मेव्हण्यानं मला पाणी दिलं. संतापात आपल्याला पाणी देणाऱ्याचाच राग आलेला असला की फार पंचाईत होते.

बायकोनं हात धुतले. साडी उलगडून बघितली, रंग खरंच चांगला होता, आणि घडी घालून परत पिशवीत ठेवली. भावाला म्हणाली, "चल वर."

वर त्यानं सगळं बघितलं. स्टेशन, पाटी, टेकाड. तिनं फलाटामागं मेंढरं परत मांडली. "ही बाबांची मेंढरं," म्हणाली. मेव्हणा हसला नाही. त्यानं इंजिन उचललं. मी ओरडणार होतो, कारण ते उचलायची एक पद्धत आहे. पण त्यानं ते उलटं केलं आणि अंगठ्यानं चोळून बघितलं. रंगाखालून काळं दिसलं.

"ही तर ठिबकची नळी हाय."

"व्हय," मी म्हणालो. "तुमच्याच शेतातनं आनलेली, उरलेली."

माझं बोलणं, ग्रुपवरचा खुलासा, शपथा, कशानं झालं नव्हतं ते ठिबकच्या नळीनं झालं. मेव्हणा स्टुलावर बसला. मला खरंच त्याची दया येऊ लागली. टँकर, रोपं, गोठा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून जात असणार.

"म्हंजे रेल्वे येतच न्हाय?"

"न्हाय."

त्यानं इंजिन खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकवून उठला आणि एकदम मोकळा झाल्यासारखा बहिणीला म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे, आक्का. सहीची काय घाई न्हाय. जीपवाला उगं खोळंबलाय. साडी ऱ्हाऊ दे, दिवाळीच्या ओवाळणीत धरू."

मी या माणसाला पोरवयापासून ओळखतो. वाईट नाही. आजारपणात आमच्या उशाशी बसलेला आहे. पण त्या क्षणी मला असं वाटलं की माझ्या वळणावरून त्याला गाडीसकट घरंगळत सोडून द्यावं. रेल्वे येणार म्हणून बहीण आठवली, आणि रेल्वे नाही म्हटल्यावर ती परत दिवाळीपर्यंत ढकलली. आणि हे त्याच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यात जास्त राग याचाच.

बायकोनं एक मेंढरू पडलं होतं ते उभं केलं.

"सही मी करनारच हुते," ती म्हणाली. "माळ कवडीमोल हुता तवा करनार हुते. फुकट. तू बोलवायचा अवकाश हुता. तू आलास रेल्वेसाठी, आन् चाललास रेल्वे न्हाय म्हनून. मी कुठं हाय ह्यात?"

"आसं कुठं म्हनतोय मी."

"आता सही न्हाय."

मेव्हण्याला आधी समजलंच नाही. मग म्हणाला, "आक्का, रीत हाय ती."

"मला शिकीव रीत."

"लोकं म्हनतील, बहिणीनं वाटा धरला."

"म्हनू देत."

"माह्यार तुटतं आशानं." हे तो हळूच म्हणाला. धमकी म्हणून नाही, समजावल्यासारखं. म्हणूनच ते जास्त खोल गेलं. माझं आयुष्यभर हेच ऐकणं झालं आहे की मुलीला माहेर हवं. पण ते टिकवायची किंमत एकटीनंच का भरायची, आणि ती भरल्यावर पावती म्हणून ओवाळणीत धरलेली साडी का घ्यायची, हे मी कुणाला विचारू?

"माह्यार म्हंजे काय, तू एकटा न्हाईस," ती म्हणाली. "त्यो माळबी हाय. मी मोजणी मागवनार. मला माझं कुठनं कुठवर हाय ते बघायचंय." मग म्हणाली, "जेवून जा. पिठाचा उंडा सुकंल."

तो जेवला. आमच्यात भांडण झालं म्हणून ताट चुकत नाही. पेढेही त्यानं आणलेलेच, जेवणानंतर वाटले. दोघंही एकमेकांकडं न बघता भाकरी मोडत होते आणि मी मधे बसून ठसका येऊ नये म्हणून हळूहळू गिळत होतो.

त्यानंतर बोलणं कमी झालं. भाऊबीजेला तो आला, पण उशिरा, आणि उभ्यानंच ओवाळून घेतलं. त्या रात्री बायकोनं भांडी घासायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. लाइन काढून टाकू का, एवढं मी एकदा विचारलं. म्हणाली, "तिनं काय केलंय?"

मोजणीचा दिवस उन्हाळ्यात आला. भूमी अभिलेखचा मोजणीदार मशीन घेऊन आला, खऱ्या तिकाटण्यावरचं. शेजारचे खातेदार म्हणून तात्या होते. मेव्हणा आपल्या रोपांपाशी उभा होता. त्यातली बरीच वाळली होती, काही मात्र तग धरून होती, का कोण जाणे. अर्ज बायकोच्या नावाचा. मोजणीदारानं तो वाचला, नाव मोठ्यानं घेतलं, वर बघितलं, आणि सरळ माझ्याकडं वळून विचारलं, "साहेब, हद्दी सांगा. पूर्वेला कोण?"

अर्ज तिचा, सही तिची, नाव आत्ताच त्यानं स्वतःच्या तोंडानं घेतलं, आणि हद्दी मी सांगायच्या. मी बोलायला तोंड उघडलं आणि नेमका ठसका लागला.

"ह्यास्नी इचारू नका," बायको पुढं होत म्हणाली. पदर खोचलेला, पायात माझ्याच जुन्या चपला. "पूर्वेला तात्यांचा बांध. पश्चिमेला ओढा, पर आधी त्यो अजून अलीकडनं वाहायचा, त्यो दगूड दिसतोय का, तितनं. उत्तरेला गावाचा रस्ता. दक्षिणेला टेकाड, त्याच्या पायथ्याला मेंढरांचा तळ पडायचा, तितवर आमचं."

मोजणीदारानं लिहून घेतलं. मेव्हणा दुरून ऐकत होता. ओढ्याच्या दगडाचं त्याला ठाऊक नव्हतं. तो तेव्हा पाळण्यात होता. थोड्या वेळानं तो चालत आला आणि दगडापाशी हद्दीची खुंटी धरून उभा राहिला, कारण तिथं कुणीतरी धरायलाच हवी होती. बायकोनं हातोडा त्याच्याकडं दिला नाही. तिनं स्वतः मारला.